‘ग्लॅमर’च्या पोटात व्याकरण, ‘पॉवर’च्या पोटात पती

‘मॅजिक’ म्हणजे आपली ‘माया’च, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. ऐकायला बरं वाटतं, पण व्युत्पत्तीत नुसत्या कानावर विसंबून चालत नाही. शब्दाची सर्वांत जुनी लेखी नोंद कुठली, तो कोणकोणत्या भाषांतून आला आणि वाटेत त्याचे ध्वनी बदलले ते नियमाने बदलले का, एवढं जुळलं तरच नातं मानायचं.

‘मॅजिक’ इंग्रजीत चौदाव्या शतकात फ्रेंचमधून आला. फ्रेंचने तो लॅटिनकडून घेतला, लॅटिनने ग्रीककडून. ग्रीकमधला ‘मागोस’ मूळचा जुन्या फारसीतला ‘मगुश’, म्हणजे इराणी पुरोहित. इराणचा सम्राट दारयवहू (डेरियस) याच्या बेहिस्तून शिलालेखात (इ. स. पू. सुमारे 520) गादी बळकावणाऱ्या गौमाताला ‘मगुश’ म्हटलं आहे. परक्यांचे, त्यातही शत्रूचे धार्मिक विधी ग्रीकांना चेटूक वाटले, यात नवल नाही. इंग्रजीतला ‘ज’ हा या ‘मगुश’मधल्या ‘ग’चाच पुढचा अवतार. ‘माया’त तो ‘ग’ मुळातच नाही, त्यामुळे नातं तिथेच तुटतं.

आपल्या ‘जादू’चं घराणं मात्र खरोखर जुनं आहे. ऋग्वेदात ‘यातु’ म्हणजे चेटूक आणि ‘यातुधान’ म्हणजे ते करणारा. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातही ‘यातु’च आहे. पुढे फारसीत सुरुवातीच्या ‘य’चा ‘ज’ आणि दोन स्वरांमधल्या ‘त’चा ‘द’ झाला. ‘युवन्’चा भाऊबंद ‘जवान’ झाला, तोही ‘य’च्या याच बदलामुळे. तेव्हा बाजारातली ‘जादू’ आणि विश्वकोशातली ‘यातुविद्या’ एकाच रक्ताच्या.

सगळ्यांत मजेदार जोडी ‘ग्रामर’ आणि ‘ग्लॅमर’ची. मध्ययुगीन युरोपात व्याकरण म्हणजे लॅटिन विद्या. ज्याला ती येते त्याला आणखीही काही ‘येत’ असणार, हा निरक्षर गावकऱ्याचा संशय. फ्रेंचमध्ये ‘ग्रामेर’पासूनच ‘ग्रिमवार’, म्हणजे मंत्रतंत्रांची पोथी, हा शब्द निघाला. स्कॉटलंडमध्ये ‘ग्रामर’मधल्या दोन ‘र’पैकी पहिल्याचा ‘ल’ झाला. एकाच शब्दात तोच ध्वनी दोनदा आला की जीभ एकाला वळवते. भाषाशास्त्रात याला विषमीकरण म्हणतात. ‘लांगल’चा ‘नांगर’ होताना आपल्या शेतकऱ्यांच्या जिभेनेही हेच केलं. ‘ग्लॅमर’चा तेव्हाचा अर्थ नजरबंदी: नाही ते दिसायला लावणं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटिश लेखक वॉल्टर स्कॉटच्या लेखनामुळे तो इंग्लंडभर पोचला. सिनेतारकांकडे तो फार नंतर गेला, तरी नजरबंदी काही सुटली नाही.

‘स्पेल’ची गोष्ट छोटी. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसतं बोलणं, कथन. ‘गॉस्पेल’ म्हणजे ‘चांगलं कथन’, शुभवार्ता. मंत्र हा अर्थ सोळाव्या शतकात चिकटला.

लिहिलेल्या अक्षरांवर किती भरवसा होता, हे ‘अब्राकाडाब्रा’त दिसतं. याची सर्वांत जुनी नोंद सेरेनस साम्मोनिकस याच्या लॅटिन वैद्यक-काव्यातली, आणि ती आहे तापाच्या उताऱ्याची. कृती अशी: रोमन लिपीत हा 11 अक्षरांचा शब्द लिहायचा, खालच्या ओळीत शेवटचं अक्षर गाळून पुन्हा लिहायचा, असं करत अकराव्या ओळीत एकटा ‘अ’ उरेपर्यंत जायचं. त्रिकोण तयार होतो. तो लिननच्या दोऱ्याने गळ्यात बांधायचा. अक्षरं घटतात तसा ताप घटेल, हा हिशेब. पाळीपाळीने येणारा ताप असाही चढउतार होणाराच. तो उतरला की श्रेय ताइताला जायचं.

आता ‘पॉवर’. यातला ‘प’ हीच उसनवारीची खूण. इंग्रजीच्या जर्मानिक घराण्यात शब्दाच्या सुरुवातीच्या मूळ ‘प’चा ‘फ’ होतो: संस्कृत ‘पितृ’ तर इंग्रजी ‘फादर’, ‘पाद’ तर ‘फूट’. ‘पॉवर’ घरचा असता तर ‘फ’ने सुरू झाला असता. सामर्थ्याला घरचा शब्द ‘माइट’. ‘पॉवर’ तेराशेच्या आसपास नॉर्मन फ्रेंचमधून आला. त्यामागे बोली लॅटिनमधलं ‘पोतेरे’, म्हणजे समर्थ असणं. फ्रेंचमध्ये स्वरांमधला ‘त’ गळला आणि पुढे त्या खिंडीत ‘व’ बसला. ‘पाद’मधला ‘द’ गळून तिथे ‘य’ बसला आणि आपला ‘पाय’ झाला, तसंच. ‘पोतेरे’मागचा लॅटिन ‘पोतिस’, म्हणजे समर्थ, आणि संस्कृत ‘पति’, म्हणजे स्वामी, हे सख्खे नातलग. इथे ध्वनी नियमाने जुळतात, अर्थही जुळतो.

ग्रीक ‘देस्पोतेस’ याच कुळातला: पहिल्या तुकड्याचा अर्थ घर, दुसऱ्याचा धनी. ऋग्वेदातला ‘दंपति’ अगदी तोच, एकवचनी असेल तेव्हा घराचा धनी. ग्रीकवरून इंग्रजीत ‘डेस्पॉट’ आला आणि जुलमी सत्ताधीश होऊन बसला. आपल्याकडे ‘दंपती’चं द्विवचन टिकलं, आणि त्यात धनीण आली.