डायल-अप जोडणी तुटणे

टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने (संगणकाचा डेटा सुरांत बदलून तारेवर पाठवणाऱ्या उपकरणाने) जोडलेले इंटरनेट काम चालू असतानाच बंद पडणे, म्हणजे बोलीभाषेत ‘लाइन ड्रॉप होणे’. विंडोज ९८, विंडोज एक्सपी आणि त्या पिढीच्या संगणकांवर ही तक्रार नेहमीची होती. दोष बहुतेकदा सेवा देणाऱ्या कंपनीला दिला जाई किंवा थेट मोडेमच बदलला जाई. खरे कारण मात्र पुष्कळदा तारेत किंवा एखाद्या विसरलेल्या सेटिंगमध्ये असते.

जोडणी दोनच प्रकारे जाते. एकतर दोन्ही टोकांपैकी कोणीतरी फोन ठेवतो, नाहीतर समोरच्या मोडेमचा अखंड सूर, म्हणजे कॅरिअर, ऐकू येईनासा होतो. कोणता प्रकार घडला हे मोडेमच सांगतो. जोडणी तुटल्यावर लगेच हायपरटर्मिनल (मोडेमला थेट आज्ञा देता येणारा विंडोजमधला प्रोग्राम) उघडून मोडेमच्या पोर्टवर आज्ञा द्यावी. रॉकवेल किंवा कोनेक्झंट चिपच्या मोडेमवर एटी&व्ही१, तर यूएस रोबोटिक्सच्या मोडेमवर एटीआय६ चालते (टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरे). उत्तरात जोडणी संपण्याचे कारण, शेवटचा वेग आणि रीट्रेनची संख्या दिसते. रीट्रेन म्हणजे लाइन बिघडल्यामुळे दोन्ही मोडेमनी थांबून पुन्हा सूर जुळवणे. पाच मिनिटांत आठ-दहा रीट्रेन झाले असतील, तर संगणकाची सेटिंग चाळत बसण्यात अर्थ नाही, तार तपासावी.

तुटण्याची वेळ

घड्याळ लावून मोजल्यासारखी दर वेळी २० मिनिटांनी तुटत असेल, तर दोष लाइनचा नाही. विंडोजमध्ये ‘काम नसेल तर फोन ठेव’ असे टायमर दोन वेगळ्या जागी असतात: एक मोडेमच्या गुणधर्मांत, दुसरा इंटरनेट पर्यायांतल्या डायल-अप जोडणीच्या प्रगत सेटिंगमध्ये. एक बंद करून दुसरा तसाच राहणे ही नेहमीची चूक. दुसऱ्याच्या शेजारीच ‘जोडणीची गरज उरली नसेल तर तोडा’ अशी एक चौकट असते. तीही रिकामी करावी, नाहीतर ब्राउझर बंद करताच फोन खाली जातो. मोडेमचा स्वतःचा टायमर एस३० या रजिस्टरमध्ये (मोडेममधल्या सेटिंगचा आकडा साठवणाऱ्या जागेत) असतो. तिथे ० ठेवले की तो बंद. हे सगळे करूनही ठरावीक तासांनीच तुटत असेल, तर ती सेवा देणाऱ्याची कालमर्यादा समजावी.

बाहेरून फोन येताच तुटत असेल, तर कॉल वेटिंग कारणीभूत आहे. सूचनेचा ‘बीप’ घालताना एक्स्चेंज क्षणभर आवाज कापते आणि मोडेमला वाटते, समोरचा गेला. डायल करण्यापूर्वी ती सोय बंद करण्याचा आकडा (तो एक्स्चेंजनुसार बदलतो) डायलिंग सेटिंगमध्ये घालता येतो. दुसरा उपाय एस१० रजिस्टरचा. कॅरिअर गेल्यावर किती वेळ धीर धरायचा ते तिथे दशांश सेकंदांत लिहिलेले असते. अनेक मोडेमवर मूळ आकडा १४, म्हणजे १.४ सेकंद. एस१०=५० केले की ५ सेकंद मिळतात आणि छोटे खंड निभावतात. आज्ञा मोडेमच्या ‘अतिरिक्त सेटिंग’च्या रकान्यातच लिहावी, हायपरटर्मिनलमध्ये दिलेली आज्ञा विंडोज पुढच्या डायलला पुसून टाकते. २५५ हा आकडा टाळलेला बरा: त्याने अनेक मोडेम कॅरिअर गेला तरी फोन ठेवतच नाहीत आणि मीटर चालू राहतो.

लाइनची तपासणी

वायरचा साधा फोन लावून हँडसेट उचलावा, एकच आकडा दाबावा म्हणजे डायलटोन थांबतो, आणि पाच-सात सेकंद कान देऊन ऐकावे. कॉर्डलेस फोन इथे उपयोगाचा नाही, त्याची स्वतःचीच सरसर असते. चांगल्या लाइनवर जवळजवळ शांतता असते. खरखर म्हणजे सैल किंवा गंजलेला सांधा. ती पावसात वाढत असेल तर जोडपेटीत पाणी शिरते आहे. गुंग असा सलग आवाज म्हणजे एक तार जमिनीशी गळते आहे किंवा विजेच्या वायरला खेटून गेली आहे. मग त्याच लाइनवर जोडलेली घरातली सगळी पॅरलल उपकरणे काढून, लाइन जिथे आत येते तिथेच मोडेम आखूड वायरने लावून पाहावा. जोडणी टिकली, तर उपकरणे एकेक करून परत जोडावीत; ज्याने पुन्हा तुटते तो गुन्हेगार. सांधे उघड्या हातांनी चाचपू नयेत: एरवी तारेवर सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतो, पण घंटी वाजताना त्यावर ७५ ते ९० व्होल्ट एसी येतो आणि चांगला झटका बसतो.

तार सुधारणे हातात नसेल तर वेग कमी करावा. व्ही.९० या ५६ केबीपीएसच्या (सेकंदाला हजार बिट) मोडेम मानकाला (१९९८) लाइन फारच स्वच्छ लागते, त्याआधीच्या व्ही.३४ चे ३३.६ केबीपीएस खराब तारेवरही तग धरतात. कोनेक्झंट मोडेमवर +एमएस=व्ही३४, ल्यूसेंटवर -व्ही९०=० ही आज्ञा अतिरिक्त सेटिंगमध्ये घालावी. विंडोजच्या मोडेम खिडकीतला ‘कमाल वेग’ कमी करून हे साधत नाही. तो संगणक आणि मोडेम यांच्यातल्या पोर्टचा वेग आहे, लाइनचा नव्हे. तो सेकंदाला १,१५,२०० बिटवरच ठेवावा. अपवाद जुन्या सीरियल पोर्टचा: ८२५० किंवा १६४५० चिपमध्ये एकाच बाइटची जागा असल्याने डेटा सांडतो. १६५५०ए मध्ये ती १६ बाइटची आहे.

संगणकाचा वाटा

आतल्या स्वस्त कार्डांपैकी बरीचशी ‘सॉफ्ट मोडेम’ असतात: सूर ओळखण्याचे काम चिप नव्हे, संगणकाचा प्रोसेसर करतो. व्हायरस स्कॅन किंवा मोठी फाइल कॉपी सुरू होताच जोडणी जात असेल, तर हेच कारण. हार्ड डिस्कच्या गुणधर्मांत डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा थेट मेमरीत नेण्याची पद्धत) बंद असेल तर ते चालू करावे; त्याऐवजी चालणाऱ्या पीआयओ पद्धतीत प्रत्येक बाइट प्रोसेसरच उचलतो आणि मोडेमला वेळ उरत नाही. ड्रायव्हर निर्मात्याचाच आणि त्याच चिपचा हवा. एवढे करूनही भागले नाही, तर स्वतःचा प्रोसेसर असलेला बाहेरचा सीरियल मोडेम लावावा. लॅपटॉपवर मात्र आधी वीजबचतीची सेटिंग पाहावी, कारण तिथे विंडोज मोडेमचा पुरवठाच कापू शकते.