सुतळी बॉम्ब आणि मेंदूतली दुसरी आठवण

‘एवढा लढाई बघून आलेला गडी, आणि सुतळी बॉम्बला दचकतो?’ दिवाळीत निवृत्त जवानाबद्दल कोणी असं बोललं की मला राहवत नाही. इतकी वर्षं झाली, आता विसरायला हवं, असंही वर ऐकवलं जातं. भीती म्हणजे पाटीवरची अक्षरं, दिवस गेले की आपोआप पुसली जाणार, अशी ही समजूत. मेंदूत तसं होत नाही.

शाळेत शिकलेला पाव्हलोव्हचा कुत्रा आठवा. घंटा, मग अन्न. काही दिवसांनी नुसत्या घंटेवर लाळ. शाळेचं पुस्तक तिथे थांबतं. खरी गंमत पुढे आहे. अन्न न देता घंटा वाजवत राहिलं की लाळ थांबते, पण काही काळ जाऊ देऊन पुन्हा वाजवली की ती परत येते! म्हणजे पहिला धडा पुसला गेलाच नव्हता. ‘घंटेनंतर काही मिळत नाही’ ही दुसरी आठवण त्याच्या शेजारी येऊन बसली होती.

भीतीचंही तेच. ‘स्फोट म्हणजे मरण’ हा धडा अमिग्डला नावाच्या, बदामाच्या आकाराच्या गाठीत पक्का होतो. ‘इथे धोका नाही’ हा दुसरा धडा आठवला की कपाळामागचा मेंदू अमिग्डलाला आवरतो, आणि हे ‘इथे’ म्हणजे नेमकं कुठे, हे हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग सांगतो. पण दुसरा धडा नाजूक असतो, जागेला चिकटलेला असतो. उंदराला एका पिंजऱ्यात भीती शिकवली, दुसऱ्यात घालवली आणि पुन्हा पहिल्यात सोडलं, की भीती हजर.

मग काही जवानांनाच हा त्रास का होतो? ते मुळातच कच्चे होते का? याचं उत्तर अमेरिकेतल्या जुळ्या भावांकडून मिळालं. एकसारखी जनुकं, पण एक व्हिएतनामच्या लढाईत गेला, दुसरा गेला नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीव्र पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर ताण विकार, असलेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान दिसला. आणि युद्ध न पाहिलेल्या त्यांच्या भावांचाही! म्हणजे तो लहान आकार युद्धाने आणलेला नसून आधीचा असावा. २००८ साली अशाच जोड्यांना रंगीत दिव्यासोबत बोटांना सौम्य झटका देऊन भीती शिकवली, मग झटका बंद करून ती घालवली, आणि दुसऱ्या दिवशी तळहाताचा घाम मोजला. आजारी सैनिकांना ‘आता झटका नाही’ हे आदल्या दिवशी समजलं होतं, पण दुसऱ्या दिवशी ते टिकलं नाही. त्यांच्या भावांना मात्र ते नीट आठवलं. ही उणीव युद्धाने दिलेली होती. काही घरून नेलेलं, काही रणांगणावरून आणलेलं. यात भित्रेपणा कुठे आला?

पहिल्या महायुद्धात याला ‘शेल शॉक’ म्हणत. पळून जाणं, भ्याडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने गोळ्या घातलेल्या ३०६ जणांना २००६ साली माफी मिळाली. त्यांतले काही आजारीच होते. पीटीएसडी हे नाव अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आलं १९८० साली, व्हिएतनामहून परतलेल्यांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी पाठपुरावा केल्यावर.

रात्री किंचाळत उठणाऱ्या माणसाला बाधा झाली म्हणून देवऋषाकडे नेणं म्हणजे उपचाराची वर्षं वाया घालवणं. ‘एका बैठकीत आघात पुसून टाकू’ म्हणणारे जाहिरातदारही त्याच माळेतले. पुसायचं काही नाहीच, दुसरी आठवण घट्ट करायची आहे. एक्सपोजर उपचारात प्रशिक्षित तज्ज्ञासोबत, पायरीपायरीने, टाळलेल्या गोष्टींना सामोरं जायचं असतं. तेही फक्त दवाखान्यात नाही. बाजारात, एसटी स्टँडवर, स्वतःच्या गल्लीत, कारण धडा जागेला चिकटतो. सतत टाळत राहिलं तर तो धडा सुरूच होत नाही, आणि लष्करी कँटीनच्या दारूच्या बाटलीने आलेली झोप रात्र ढकलते, भीती जिथल्या तिथे ठेवते.

म्हणून शेजारी माजी सैनिक राहत असेल तर फटाके कधी लावणार हे आधी सांगा. अचानक आलेला आवाज सगळ्यात वाईट. उपचारासाठी माजी सैनिकांना त्यांच्या आरोग्य योजनेचं, म्हणजे ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलता येतं.