टाके घालायची घाई नको

१९८२ साली फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात लढाई जुंपली, तेव्हा अजॅक्स बे इथल्या मटण गोठवण्याच्या एका बंद कारखान्यात सर्जन कमांडर रिक जॉली यांनी ऑपरेशनची टेबलं मांडली. इमारतीत न फुटलेले दोन बॉम्ब अडकून पडले होते. काम तसंच चालू राहिलं.

तिथला नियम ऐकून आपण बुचकळ्यात पडू: जखम साफ करायची, पण शिवायची नाही. वेगवान गोळी मांसात शिरते तेव्हा क्षणभर तिच्या जाडीच्या कितीतरी पट मोठी पोकळी उघडते आणि मिटते. कपड्याचे धागे, माती आत खेचली जाते, भोवतालचा स्नायू मरतो. रक्तपुरवठा तुटलेल्या त्या मांसात प्राणवायू नसतो, आणि क्लॉस्ट्रिडियम जिवाणूंना नेमकं तेच हवं असतं. त्यातूनच गॅस गँगरीन, म्हणजे मांस झपाट्याने सडवणारा जीवघेणा संसर्ग, होतो. वरून टाके घातले, तर त्यांची आयतीच सोय.

मग कापायचं किती? सर्जन चिमट्याने स्नायू दाबून बघतो. जिवंत असेल तर आकसतो, कापला की रक्त येतं. काळपट, लिबलिबीत, निपचित असेल तर काढून टाकायचा. वर सैल ड्रेसिंग, आणि चार-पाच दिवसांनी जखम स्वच्छ दिसली तरच टाके. हा पहिल्या महायुद्धातला धडा. शांततेच्या काळात तो विसरला जातो आणि पुढच्या युद्धात पुन्हा गिरवावा लागतो.

समुद्रावर हे पथ्य चांगलंच सोयीचं पडलं. टाक्यांची वेळ येईपर्यंत जखमी हेलिकॉप्टरने ‘युगांडा’वर पोचलेला असे. शाळकरी मुलांना सफरीवर नेणारं हे जहाज. जिब्राल्टरला तीन दिवसांत त्याचं इस्पितळ झालं आणि मुलांच्या झोपायच्या दालनांत वॉर्ड आले. ‘युगांडा’वरून लहान सर्वेक्षण-जहाजं जखमींना उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओला नेत, पुढे विमानाने ब्रिटन. बेटांच्या उत्तरेचा समुद्राचा एक तुकडा दोन्ही देशांनी इस्पितळ-जहाजांसाठी राखून ठेवला होता. उपचारही दोन्हीकडच्या सैनिकांवर झाले. जॉलींना पुढे ब्रिटन आणि अर्जेंटिना दोघांनीही गौरवलं.

आता मारा व्यापारी जहाजांवरही होतो, आणि तिथे अशी साखळीच नसते. ६ मार्च २०२४ला एडनच्या आखातात येमेनमधल्या हौथी बंडखोरांच्या क्षेपणास्त्राने ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू जहाजावरचे तीन खलाशी मारले गेले. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या आयएनएस कोलकाताने हेलिकॉप्टर आणि होड्यांनी २१ जणांना उचललं, जखमींवर उपचार केले. युद्धनौका जवळ होती म्हणून जमलं. एरवी आंतरराष्ट्रीय नियमानुसार जहाजावर १०० किंवा जास्त माणसं आणि तीन दिवसांहून लांबचा प्रवास असेल, तरच डॉक्टर सक्तीचा. मालवाहू जहाजावर माणसं असतात वीस-पंचवीस. तिथे प्रथमोपचार शिकलेला एखादा अधिकारी, औषधांचं कपाट आणि किनाऱ्यावरच्या डॉक्टरचा रेडिओवरून सल्ला, एवढ्यावरच भागवावं लागतं.