ऑर्डर तपासणाऱ्या प्रोग्रॅमपासून चॅटबॉटपर्यंत

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीचा व्हॅक्स संगणक खोक्यातून तयार निघत नसे. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, केबल असं एकेक ग्राहक निवडायचा आणि विक्रेता ती यादी ऑर्डरवर उतरवायचा. कधी एखादी केबल राहून जायची, कधी दोन भाग एकमेकांशी जुळायचे नाहीत. म्हणून कंपनी अख्खा संगणक आधी आपल्याकडे जोडून बघायची, मग पुन्हा सुटा करून ग्राहकाकडे पाठवायची.

कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जॉन मॅकडर्मट यांनी १९७८ मध्ये या कामासाठी प्रोग्रॅम लिहायला घेतला. ‘हा भाग असेल तर तो हवाच’ अशा नियमांचा हा संच पुढे एक्सकॉन म्हणून ओळखला गेला. १९८० पासून तो कंपनीत रुजू झाला आणि १९८६ पर्यंत त्याने ८०,००० ऑर्डर हाताळल्या. अचूकता ९५ ते ९८ टक्के नोंदवलेली आहे. धंद्यात रोज वापरल्या गेलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं इतकं ठोस उदाहरण त्याआधी क्वचितच सापडेल.

पण नवा भाग बाजारात आला की नियम बदलावे लागत. एक नियम हलवला की दुसरीकडे काय बिघडेल, याचा अंदाज येणं कठीण. नियम हजारोंच्या घरात गेले आणि ते सांभाळायलाच माणसं लागू लागली. अशा ‘तज्ज्ञ प्रणालीं’चा उत्साह ओसरण्यामागे हे एक मोठं कारण होतं. १९८७ मध्ये त्यांच्यासाठी बनणाऱ्या, लिस्प ही प्रोग्रॅमिंग भाषा चालवणाऱ्या खास संगणकांचा बाजारही कोसळला.

नव्वदच्या दशकात नियम हाताने लिहिण्याऐवजी ते माहितीतून शिकवले जाऊ लागले. धनादेशावरचे आकडे वाचणं, कार्डावरचा संशयास्पद व्यवहार हेरणं, नंतर स्पॅम गाळणं, अशी कामं गाजावाजा न होता सुरू झाली. सांभाळण्याचा प्रश्न मात्र सुटला नाही. नेटफ्लिक्सने २००९ मध्ये चित्रपटांच्या शिफारशी सुधारणाऱ्या संघाला १० लाख डॉलरचं बक्षीस दिलं, पण विजेती पद्धत जशीच्या तशी वापरात आणली नाही. अचूकतेत पडणारी भर त्यासाठी लागणाऱ्या अभियांत्रिकी खटाटोपाच्या मानाने पुरेशी नव्हती. २०१५ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी एका शोधनिबंधात हेच नेमकेपणाने मांडलं: प्रत्यक्ष वापरातल्या प्रणालीत शिकणाऱ्या मॉडेलचा, म्हणजे माहितीतून घडणाऱ्या प्रोग्रॅमचा, कोड अगदी थोडा असतो, बाकी सगळा पसारा माहिती गोळा करण्याचा, तपासण्याचा, देखरेखीचा. या विषयावर इतकं प्रामाणिक लिखाण फार कमी झालंय.

२०२० मध्ये ओपनएआय कंपनीने मजकूर लिहिणारं जीपीटी-३ हे मॉडेल एपीआयमधून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडता येणाऱ्या दुव्यातून, निवडक वापरकर्त्यांना द्यायला सुरुवात केली; त्यांना स्वतःचं मॉडेल न घडवताही ते आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडता येऊ लागलं. २०२२ च्या जूनमध्ये कोड लिहायला मदत करणारं गिटहब कोपायलट सर्वांसाठी आलं, नोव्हेंबरात चॅटजीपीटी. जोडणं सोपं झालं, तपासणं नाही. मॉडेलने मनाने उत्तर रचू नये म्हणून आधी कंपनीची कागदपत्रं शोधून ती त्याच्यापुढे ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

ही काळजी का लागते, ते २०२४ च्या फेब्रुवारीत दिसलं. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला शोकप्रसंगी मिळणाऱ्या सवलतीची चुकीची माहिती दिली होती. चॅटबॉट स्वतःच्या वागण्याला स्वतः जबाबदार आहे, असा कंपनीच्या म्हणण्याचा अर्थ निघत होता. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणाने तो युक्तिवाद फेटाळला आणि प्रवाशाला सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले.