स्पोर्ट्स मेडिसिन फक्त खेळाडूंसाठी? नाही!

"ते तर मानकापूरच्या स्टेडियमवर खेळणाऱ्या पोरांसाठी आहे, आपल्याला कशाला?" स्नायू-सांध्यांच्या दुखण्यावर उपचार करणाऱ्या स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरकडे जा, अशी आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी खिशात ठेवून नागपुरातले कितीतरी रुग्ण असं म्हणत दुखणं अंगावर काढतात. हा समज चुकीचा आहे.

'टेनिस एल्बो'चंच बघा. तो होणाऱ्या बहुतेकांनी टेनिसची रॅकेट कधी धरलेलीच नसते. इतवारीत पोती उचलणारा हमाल, दिवसभर स्क्रू पिळणारा मिस्त्री, रोज धुणं पिळणारी बाई, यांच्याही कोपराच्या बाहेरच्या बाजूची तीच कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) दुखावते. गोठलेला खांदा (फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा दुखून आखडणं) साधारण ४० ते ६० या वयात होतो, मधुमेहींना जास्त. यातल्या बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. नेमका व्यायाम लागतो, आणि धीर.

पाठवणाऱ्या डॉक्टरांनीही चिठ्ठीत नुसतं 'खांदा दुखतो' लिहू नये. कधीपासून, काम कोणतं, साखर किती, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू आहेत का, हे हवंच. दुखऱ्या जागी इंजेक्शन द्यायचं की नाही, हे त्यावर ठरतं.

मात्र कंबरदुखीसोबत लघवीवरचा ताबा गेला, पायातली ताकद गेली, किंवा ताप येऊन सांधा सुजला, तर चिठ्ठीची वाट बघू नका. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांचा तातडीचा विभाग गाठा, त्याच दिवशी.