दोन रिळांपासून सुरुवात: केव्हिन ब्राउनलो

नागपुरातल्या व्हरायटी चौकाला नाव मिळालं ते थिएटरवरून. आज तिथून बस धरणाऱ्या पोराला विचारा, त्याला फक्त चौक माहीत असतो. सीताबर्डीवरच्या आमच्या मित्रमंडळात सध्या मूकपटांवर बोलणं चाललंय. ते बोलणं ज्यांच्यापाशी वारंवार येऊन थांबतं, त्या केव्हिन ब्राउनलो या मूकपटांच्या ब्रिटिश इतिहासकाराची ही पार्श्वभूमी.

जन्म १९३८ चा, इंग्लंडमधल्या ससेक्सचा. शाळकरी वयात आईवडिलांनी प्रोजेक्टर घेऊन दिला, साडेनऊ मिलिमीटरच्या फिल्मचा. फ्रान्सच्या पाथे कंपनीनं घरात सिनेमा पाहता यावा म्हणून १९२२ मध्ये ही अरुंद फिल्म काढली होती. तिला कडेला भोकं नसतात, दोन चौकटींच्या मधोमध एकच भोक असतं. यंत्राचा दात घसरला की ओरखडा थेट चित्रावर. एकदा लायब्ररीतून आणलेली फिल्म रटाळ निघाली, म्हणून त्यांनी बदलून मागितली. बदल्यात आली फ्रेंच दिग्दर्शक आबेल गान्स यांच्या १९२७ च्या ‘नेपोलियन’ या मूकपटाची दोन रिळं. मुलगा हरखून गेला आणि उरलेली रिळं शोधायला लागला. तो शोध पुढे आयुष्यभर चालला.

अठराव्या वर्षी, १९५६ मध्ये, त्यांनी स्वतःचा चित्रपट सुरू केला: ‘इट हॅपन्ड हिअर’. जर्मनीनं ब्रिटन जिंकलं असतं तर, ही कल्पना. लष्करी पोशाखांचा जाणकार अँड्र्यू मोलो सहदिग्दर्शक झाला, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. पैसा नाही, बहुतेक नट हौशी. काम पुरं व्हायला आठ वर्षं लागली. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी आपल्याकडची उरलेली कच्ची फिल्म दिली. १९७५ च्या ‘विन्स्टन्ली’ या दोघांच्या दुसऱ्या चित्रपटासाठी तर सतराव्या शतकातली खरी चिलखतं टॉवर ऑफ लंडनमधून मिळवली. दोघांचे कथापट एवढे दोनच. मला यातच त्यांच्यातला इतिहासकार दिसतो. बटण चुकीचं असेल तर प्रसंग खोटा, असं मानणारा माणूस ऐकीव गोष्टींवर इतिहास लिहिणार नाही.

आणि त्यांनी लिहिला नाहीच. १९६४ मध्ये मूकपटांतले विनोदवीर बस्टर कीटन यांना प्रत्यक्ष भेटून बोलतं केलं. कीटन १९६६ मध्ये गेले. अशा मुलाखतींवर उभा राहिलेला ‘द परेड्स गॉन बाय’ हा ग्रंथ १९६८ मध्ये आला. मग डेव्हिड गिल यांच्यासोबत १९८० मध्ये ‘हॉलिवूड’ ही मूकपटांवरची तेरा भागांची टीव्ही मालिका. चॅप्लिन यांच्या वापरात न आलेल्या चित्रणावरची ‘अननोन चॅप्लिन’ १९८३ ची. २०१० मध्ये मानद ऑस्कर मिळालं.

‘नेपोलियन’ मात्र तुकड्यातुकड्यानं जुळत होता. १९७९ मध्ये अमेरिकेत टेल्युराइडच्या महोत्सवात तो उघड्यावर, रात्रीच्या थंडीत दाखवला गेला. शेवटी तीन पडद्यांवर एकत्र पसरणारं ते दृश्य गान्स यांनी हॉटेलच्या खिडकीतून पाहिलं. तेव्हा ते एकोणनव्वद वर्षांचे होते.