स्टोनवेअरच्या लघुप्रतिकृतींचा संग्रह

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेच्या घरांत, दुकानांत आणि शेतांवर वापरल्या जाणाऱ्या स्टोनवेअर भांड्यांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती जमवण्याचा छंद. भातुकलीशी याचे दुरून नाते असले, तरी ही भांडी खेळण्यासाठी नसतात. मूळ भांड्याचा घाट, झिलई, निळी नक्षी आणि कारखान्याचा शिक्का हे सारे लहान मापात उतरले आहे की नाही, यावरच त्यांची किंमत ठरते.

स्टोनवेअर म्हणजे साधारण 1200 ते 1300 अंश सेल्सियसला भाजलेली, पाणी न झिरपणारी टणक भांडी. मराठी घरांतली लोणच्याची बरणी याच जातीची; ‘चिनी मातीची’ हे तिचे बोलीतले नाव, खरे पोर्सेलीन ते नव्हे. भट्टी ऐन तापात असताना आत मीठ टाकले जाई. त्याच्या वाफेतले सोडियम मातीतल्या सिलिकाशी संयोग पावून भांड्यावर काचेसारखा थर धरे, आणि त्या थराला संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळगी पडत. इतक्या तापात टिकणारा खात्रीचा रंग म्हणजे कोबाल्टचा निळा. म्हणून करड्या अंगावर निळे पक्षी, फुले, क्वचित हरीण, ही या भांड्यांची ओळख बनली. न्यूयॉर्कमधील क्रोलियस व रेमी ही कुंभार घराणी, व्हर्माँटमधील बेनिंग्टन येथील नॉर्टन कुटुंबाचा 1793 ते 1894 असा चाललेला कारखाना आणि मिनेसोटातील मिसिसिपीकाठचे रेड विंग ही त्यांतली ठळक नावे. काचेच्या बरण्या आणि शीतकपाट आले, तशी ही भांडी माळ्यावर गेली. रेड विंगचा कारखाना 1967 मध्ये कामगारांच्या संपानंतर बंद पडला.

मूळ आकारांत तीन महत्त्वाचे. सरळ भिंतींचा, रुंद तोंडाचा ‘क्रॉक’ खारवलेल्या भाज्या, लोणी, चरबी यांसाठी. ‘जग’ म्हणजे आपला पाण्याचा जग नव्हे; अरुंद गळ्याची, एका कानाची ही सुरई व्हिस्की, व्हिनेगर किंवा काकवीसाठी असे. तिसरा लोणी काढण्याचा उंच डेरा. त्याच्या झाकणाला रवीच्या दांड्यापुरते भोक असते. प्रतिकृतीत हे भोक पाडायला विसरणारा कारागीर जाणकारांच्या नजरेतून लगेच उतरतो.

छोटी स्टोनवेअर भांडी नवी नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुकानदार आणि दारूविक्रेते आपले नाव छापलेल्या इवल्या सुरया गिऱ्हाइकांना भेट देत. इलिनॉयमधील ॲना या गावच्या कर्कपॅट्रिक बंधूंनी अशा पुष्कळ सुरया कोरून विकल्या. बाजारात मात्र प्रत्येक जुन्या छोट्या भांड्याला ‘फिरत्या विक्रेत्याचा नमुना’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. तसे म्हटले की किंमत चढते, एवढेच. यांतली बरीच भांडी साधी जाहिरातीची किंवा आठवणीची होती. प्रतिकृती म्हणजे जुन्या भांड्याकडे पाहून नंतर केलेली वस्तू, हा फरक संग्राहक काटेकोर पाळतात.

आजच्या संग्रहाचे दोन प्रवाह आहेत. पहिला स्मृतिभांड्यांचा. कारखाना बंद झाल्यावर दहा वर्षांनी, 1977 मध्ये, रेड विंगच्या संग्राहकांची संस्था स्थापन झाली. ती दरवर्षी सभासदांपुरते एक स्मृतिभांडे काढते, आणि ते बहुधा एखाद्या जुन्या भांड्याचे तळहातावर मावणारे रूप असते. त्यावर वर्ष असते, त्यामुळे मालिका पूर्ण करण्याची ओढ लागते. इथे प्रमाण सैल असते. लाल पंख, फुलपाखरू किंवा पानांची नक्षी ओळखू आली की पुरे.

दुसरा प्रवाह बाहुलीघरांच्या मापाचा. 1:12, म्हणजे एका फुटाला एक इंच. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधील 68 थॉर्न दालने याच मापात आहेत. लांबी बारापट घटली की घनफळ 1728 पट घटते. एक गॅलनच्या, म्हणजे सुमारे 3.8 लिटरच्या सुरईची प्रतिकृती जेमतेम 2.2 मिलिलिटर धरते आणि पाच गॅलनच्या क्रॉकमध्ये दोन चमचे पाणी मावते. तरीही पोटावर ‘5’ हा आकडा असलाच पाहिजे. आकडा नसेल, तर जाणकाराच्या लेखी ते नुसते छोटे भांडे आहे.

करण्याची रीत आपल्याकडच्या पणत्यांसारखीच: चाकावर मोठा गोळा ठेवायचा आणि त्याच्या शेंड्यावर एकामागून एक भांडे उचलून दोऱ्याने कापायचे. माती वाळताना व भाजताना साधारण 10 ते 13 टक्के आटते, म्हणून तेवढे मोठे घडवावे लागते. खरी अडचण झिलईची. मिठाची खळगी भांड्याबरोबर लहान होत नाहीत. इंचभर उंचीच्या सुरईवर ती देवीच्या व्रणांसारखी दिसतात. म्हणून बहुतेक कारागीर मीठ टाळतात, गुळगुळीत झिलई हाताने देऊन विजेच्या भट्टीत भाजतात आणि निळी नक्षी मोजक्या केसांच्या कुंचल्याने काढतात. अस्सलपणा दिसावा म्हणून अस्सल पद्धत सोडायची, असा हा उफराटा व्यवहार आहे. आतल्या तपकिरी थरासाठी पूर्वी वापरली जाणारी न्यूयॉर्क राज्यातील अल्बानीजवळची माती 1980 च्या दशकात बाजारातून गेली. आता पर्यायी मिश्रणे वापरतात.

छंदामागे पैशाचे कारण आहेच. दक्षिण कॅरोलायनातील गुलाम कुंभार डेव्हिड ड्रेक याने 1858 मध्ये घडवलेला 25 गॅलनचा रांजण 2021 मध्ये लिलावात 15 लाख 60 हजार डॉलरना गेला. साधे मोठे क्रॉकही जड आणि जागा खाणारे. लघुप्रतिकृतींचा अख्खा संग्रह एका काचेच्या फळीवर बसतो.

फसवणुकीचा धोका छोट्या वस्तूंतही असतो. प्रामाणिक कारागीर तळाशी स्वतःचे चिन्ह आणि शक्यतो वर्ष कोरतो. नुसता जुन्या कारखान्याचा शिक्का असलेली, तळ मुद्दाम मळवलेली भांडी संशयास्पद धरतात. त्यामुळे संग्राहक भांडे हातात येताच आधी उलटे करून पाहतो.